अधिकार कोणाचा आणि शिक्षण कशाचे? : कोल्हापुरातील पुरोहितांच्या शाळा

मंडळी, शाहूवाडी तालुक्यात फौजी घरे कमी नाहीत. पलटणीतून रजेवर आलेल्या एखाद्या मुलाला विचारा, तो तुम्हाला युनिटमधल्या पंडितजींबद्दल सांगेल. आपल्या सैन्यात पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री असे धर्मशिक्षक रीतसर भरती होतात. पूजा-प्रार्थना हे त्यांचे काम आहेच, पण इस्पितळात पडलेल्या जवानाला भेटणे, त्याच्याजवळ बसणे, कोणी गेला तर त्याचे अंत्यसंस्कार करणे हेही त्यांच्याकडेच असते. इंग्रज लोक अशा माणसाला चॅप्लन म्हणतात. तिकडे रुग्णालयात आणि तुरुंगातही तो असतो. आमचा आजचा प्रश्न एवढाच आहे की अशा माणसाला तयार करायचे तर शिकवायचे काय? शिक्षण पुरे झाले तेव्हा त्याला काय यायला हवे?

हा प्रश्न बाहेरून आला असे समजू नका. कोल्हापुरात तो शंभर वर्षांपूर्वीच उभा राहिला होता, आणि त्यावर दोन वेगवेगळी उत्तरे दिली गेली होती.

वेदोक्त प्रकरण तुम्ही शाळेत वाचले आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. 1899 च्या कार्तिकात शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला जात. भटजी मंत्र म्हणत ते पुराणोक्त. वेदोक्त का नाही, असे विचारल्यावर उत्तर मिळाले की तो अधिकार तुम्हाला नाही. पुढे राजोपाध्यांनीही वेदोक्त विधी करायचे नाकारले आणि 1902 मध्ये त्यांची वतने जप्त झाली. या वादाचा इतिहास बहुतेक वेळा इथेच थांबवला जातो. आम्हाला मात्र त्यानंतरची दहा-वीस वर्षे अधिक महत्त्वाची वाटतात. वतन जप्त करणे हे राजाला एका हुकुमात जमते. पण उद्या गावात लग्न आहे, परवा कोणाचा दहावा आहे, तिथे उभे कोणी राहायचे? हुकूम काढून पुरोहित तयार होत नाही. त्यासाठी शाळा काढावी लागते.

शाळा निघाली 1913 मध्ये. त्याआधी दोन वर्षे, 1911 मध्ये, कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली होती आणि भास्करराव जाधव तिचे अध्यक्ष होते. विठ्ठलराव डोणे यांच्या देखरेखीखाली ब्राह्मणेतर तरुणांना धार्मिक विधी शिकवायला सुरुवात झाली. पाठीशी जोतीराव फुल्यांचा आधार होता. त्यांनी 1873 मध्ये पुण्यात समाज स्थापन केला आणि 1887 मध्ये मंगलाष्टकांसह पूजाविधींचे पुस्तकच छापले. त्या पुस्तकात एक गोष्ट मोठी आहे. तिथे वधू-वर आपसात बोलतात. बाई आपल्या हक्काचे मागते आणि वर ते द्यायचे कबूल करतो. म्हणजे विधी मराठीत आणला एवढ्यावर काम थांबलेले नाही. ज्यांच्यासाठी विधी आहे त्यांना तोंड दिले आहे. भटजीने म्हणायचे आणि आपण अक्षता टाकायच्या, ही सगळी रचनाच बदलली.

आता पाहा, या शिक्षणाचे उद्दिष्ट काय? आम्ही ते असे वाचतो: विधी करणारा कोणत्या जातीचा आहे हे गौण ठरावे, आणि तो जे म्हणतो ते समोरच्याला कळावे. खरा सत्यशोधक पुढचेही म्हणेल, की देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको. मग प्रश्न पडतो की पुरोहितच नको असेल तर पुरोहितांची शाळा कशाला? हा विरोध त्या चळवळीच्या पोटातच होता. भास्कररावांच्या एका पुस्तकाचे नाव ‘घरचा पुरोहित’ आहे. नावातच तोड सापडते, नाही का? पुरोहित हवाच असेल तर तो घरचाच असू दे.

महाराजांनी मात्र दुसरी वाटही धरली. पुढे कोल्हापुरात श्री शिवाजी वैदिक विद्यालय निघाले. तिथे मराठा मुलांनी वेदमंत्र शिकायचे, वेदोक्त विधी करायचे. 1920 मध्ये भुदरगडातल्या पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठावर सदाशिवराव पाटील-बेनाडीकर यांना क्षात्रजगद्गुरू म्हणून बसवले. इथे उद्दिष्ट वेगळे होते. जे ज्ञान नाकारले तेच मिळवून दाखवायचे, त्याच भाषेत, त्याच स्वरात. काही सत्यशोधकांना हे रुचले नाही. एक गादी नको म्हणताना दुसरी कशाला, असा त्यांचा सवाल होता. तत्त्व म्हणून पाहिले तर आम्हालाही पहिली वाट जास्त धाडसाची वाटते. पण ज्याला पंचगंगेच्या घाटावर ‘तुम्हाला अधिकार नाही’ असे ऐकावे लागले, त्याला तो अधिकार हातात घेऊन पाहावासा वाटणे आम्ही चूक म्हणणार नाही.

दोन्ही शाळांमध्ये एक गोष्ट समान होती. शिकणाऱ्याची परीक्षा विधीवर होती. त्याला विधी यायला हवा, शुद्ध किंवा समजेल असा. त्या काळाचा झगडाच तो होता, म्हणून दोष देण्याचे कारण नाही. पण ज्या घरात माणूस गेला आहे तिथे विधी संपल्यावर काय करायचे, हा विषय अभ्यासात आला नाही. तो गावाने सांभाळला. आंब्याच्या बाजूच्या वाड्या-वस्त्यांत पावसाळ्यात दोन वाड्यांमधली वाट बंद होते, तरी ज्या घरी चूल पेटत नाही तिथे शेजारून भाकरी जाते आणि रात्री भजनाची मंडळी येऊन बसतात. गुरव, जंगम आपापल्या जागी असतात. हे कोणी कोणाला वर्गात शिकवले नाही.

भजन-कीर्तनाची मात्र शाळा निघाली, तीही त्याच दशकात. 1917 मध्ये विष्णुबुवा जोग यांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. चार वर्षांचा अभ्यास होता, त्यात ज्ञानेश्वरी, गाथा आणि पाठांतर. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक असलेले सोनोपंत दांडेकर याच जोग महाराजांचे शिष्य. आमच्या विषयातला माणूस म्हणून त्यांचे नाव घेण्याचा मोह आवरत नाही. कीर्तनाला मोबदला घेऊ नये हा परंपरेतला जुना दंडक आहे. तो किती पाळला जातो हे तुम्ही आम्हाला सांगायला नको. पण पाहा, इथे उद्दिष्टात आचरण आले. नुसते ‘काय येते’ नव्हे, तर ‘कसा वागतो’ हेही.

तिसरा टप्पा अमेरिकेत दिसतो. 1920 मध्ये, म्हणजे पाटगावला गादी बसली त्याच साली, अँटन बॉयसेन नावाच्या पाद्र्याला मनोविकार झाला आणि त्याला मनोरुग्णालयात राहावे लागले. बरा झाल्यावर त्याच्या मनात आले की धर्मशास्त्र शिकणाऱ्यांनी ग्रंथ वाचतात तसा माणूस वाचायला हवा. 1925 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात त्याने विद्यार्थी आणले. पुढे या शिक्षणात एक रीत रुजली. विद्यार्थी रुग्णाला भेटतो, परत येऊन झालेले संभाषण आठवून शब्दशः लिहितो, आणि ते शिक्षक व सोबत्यांपुढे वाचतो. शिवाय आपल्याला काय शिकायचे आहे, हे उद्दिष्ट त्याने सुरुवातीला स्वतःच लिहून द्यायचे. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात असे शिक्षण मिळते. मराठीत ते जवळजवळ नाहीच. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने स्त्रियांना पौरोहित्य शिकवले, विधीचा अर्थ मराठीत सांगण्यावर भर दिला. ते काम मोठे आहे, पण तेही मुख्यतः 1913 च्या प्रश्नाचेच उत्तर आहे.

आता ही वहीची रीत इथे लावून पाहा. कल्पना करा, मलकापुरातल्या एका घरी तरुण मुलगा गेला आहे. शिकणारा तिथे जातो. आई म्हणते, “देवानं माझंच का नेलं?” हा म्हणतो, “प्रारब्ध असतं, आई.” ती गप्प होते. याला वाटते की तिला पटले. संध्याकाळी तो हे सगळे वहीत लिहून आणतो. शिक्षक प्रारब्ध खरे की खोटे यात शिरत नाहीत. ते एवढेच विचारतात की ती गप्प झाली त्यानंतर तू किती वेळ बसलास? आणि तुला उठायची घाई का झाली?

डोणे मास्तरांच्या वर्गात हा प्रश्न विचारण्याची सवड नव्हती. तिथे अजून दारातून आत येण्याचाच हक्क मिळवायचा होता. आज आपल्या तालुक्यात कोणी असा वर्ग काढला, तर त्यात गुरव, कीर्तनकार, मौलवी, आशाताई सगळे एका सतरंजीवर बसवता येतील का, यावर तुमच्याकडून ऐकायचे आहे. माइक मागे द्या.