पोस्त, बोनस आणि दिवाळीचा बाजार



'पोस्त' हा शब्द आजच्या तरुण मंडळींच्या कानावरून गेला आहे की नाही, याची मला शंका वाटते. दिवाळीच्या दिवसांत परीट, न्हावी, गुरखा, टपालवाला दारी येत आणि घरधनी त्यांच्या हातावर चार आणे, आठ आणे ठेवी, ती पोस्त. घरधन्याची मर्जी असली तर मिळे, नसली तर 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून दार लागे. घेणाऱ्याला हात पसरता येई, हिशेब मागता येत नसे. मला जो इतिहास आज सांगावयाचा आहे, तो या एका शब्दापासून सुरू होतो.

चालकांनी मला विषय दिला तो सणाचा बाजार आणि बड्या कंपन्या यांचा. दरवर्षी नवरात्र बसले की हा राग ऐकू येतो. मेन रोडवरचा कापडवाला म्हणतो, परक्या कंपन्यांनी आमचे गिऱ्हाईक पळविले. घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, लोकांना खरेदीचे वेड लागले आहे, रोज दाराशी खोकी येऊन पडतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. परंतु हा राग नवा नाही, आणि त्याच्या इतिहासात एक माणूस वारंवार वगळला गेला आहे, एवढेच मला दाखवावयाचे आहे.

आपल्या भगूरचे विनायक दामोदर सावरकर फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना, ऑक्टोबर १९०५ मध्ये दसऱ्याच्या सुमारास पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. लोकमान्य टिळक आणि 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे तेथे होते. सावरकरांना दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृह सोडावे लागले. ही गोष्ट नाशिकात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. मुहूर्ताकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. दसरा-दिवाळी हा कापडाचा हंगाम. घरच्या बाईचे लुगडे, पोरांचे सदरे, जावयाचे धोतर या दोन-तीन आठवड्यांत घेतले जाई. गिऱ्हाइकाची पिशवी नेमकी उघडावयाच्या वेळी ही होळी पेटली. दुकानदारीची नाडी ओळखणाऱ्या माणसांचे ते काम होते.

आता त्याच वर्षी मुंबईत काय चालले होते ते पाहा. तेथील गिरण्यांत विजेचे दिवे येऊ लागले होते. पूर्वी दिवस मावळला की काम थांबे, कारण तुटलेला धागा अंधारात दिसत नसे. सूर्याने दिलेली ही सुटी दिव्याने काढून घेतली. १९०५ च्या तेजीत, दिवे असलेल्या गिरण्या चौदा-चौदा, पंधरा-पंधरा तास चालल्या. प्रौढ पुरुषाने किती तास राबावे याला कायद्याचे बंधन नव्हते. ते आले १९११ च्या फॅक्टरी कायद्याने, आणि तेही बारा तासांचे! मँचेस्टरचे धोतर जळत होते आणि देशी धोतराला गिऱ्हाईक वाढत होते. ते धोतर विणणारा कोकणातला, घाटावरचा गडी दिव्याखाली उभा होता. स्वदेशीला मी नावे ठेवीत नाही. कामगारानेही ठेविली नाहीत. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा हाच गडी सहा दिवस संपावर गेला आणि त्याने गोळ्या खाल्ल्या. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला विदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा पडून जो मेला, तो बाबू गेनू गिरणीतलाच. कापडाच्या लढ्यात कामगार आघाडीला होता. कामगाराच्या लढ्यात बाजारपेठ कुठे होती, हे विचारण्याचा मला म्हणूनच अधिकार आहे असे वाटते.

तो लढा बोनसचा. पहिल्या महायुद्धात महागाई भडकली आणि गिरण्यांना अलोट नफा झाला. १९१७ पासून मालकांनी पगारावर महागाईची वाढ दिली, आणि युद्ध संपल्यावर काही वर्षे नफ्यातून सालाला एक महिन्याचा पगार बोनस म्हणून दिला. एखादी गोष्ट चार-पाच वर्षे लागोपाठ हाती पडली की माणूस तिच्या भरवशावर संसार उभा करतो. चाळीतला वाणी वर्षभर वहीवर माल देई तो याच भरवशावर. बोनस झाला की बहुतेक पैसा त्या वहीत आणि सावकाराच्या खिशात जाई; उरेल त्यात दिवाळी. १९२३ साली मालकांनी जाहीर केले की यंदा बोनस नाही. जानेवारी १९२४ मध्ये सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले, आणि मुंबईच्या गिरण्या मार्चअखेरपर्यंत बंद राहिल्या. पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. सरकारने मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाउड यांची समिती नेमली. समितीने सांगितले की रूढीने म्हणा, कायद्याने म्हणा, न्यायबुद्धीने म्हणा, बोनसवर कामगाराचा अंमलात आणण्याजोगा हक्क सिद्ध होत नाही. म्हणजे ती पोस्तच ठरली! मालकाची मर्जी.

या संपात आणि पुढच्या कित्येक संपांत कामगार तग धरून राहिला तो चाळीखालच्या वाण्याच्या उधारीवर. हा वाणी काही संत नव्हता. उधारीचा भाव तो चढाच लावी आणि त्याच्या तराजूबद्दल गिरणगावात चांगले बोलले जात नसे. परंतु गिऱ्हाइकाचा बोनस बुडाला तर आपली वही बुडते, हे त्याला पक्के कळत होते. दुकानदाराचे हित आणि कामगाराचे हित एका वहीत बांधलेले होते. ही वही आता राहिलेली नाही. आजच्या कंपन्याही उधारी देतात, हप्ते बांधून देतात. पण आमचा कारखाना बंद पडला म्हणून त्यांचा हप्ता महिनाभर थांबल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

गिरणगावाने या वाण्याला उत्तर शोधण्याचाही प्रयत्न केला. १९४८ साली नायगावात कामगारांची ग्राहक सहकारी संस्था निघाली, तिचेच पुढे 'अपना बाजार' झाले. १९७२ नंतरच्या दुष्काळी महागाईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आणल्या. त्या बायकांनी सणाला खरेदी करू नका असे सांगितले नाही. तेल, साखर, रवा वाजवी भावात द्या म्हणून सांगितले. हा फरक मला मोठा वाटतो. गरिबाने सण साधेपणाने करावा हा उपदेश बहुधा भरल्या पोटाच्या माणसाकडून येतो.

पोस्तीचा बोनस होण्यास आणखी चाळीस वर्षे लागली. १९५० साली कामगार अपील न्यायाधिकरणाने मुंबईच्या गिरण्यांच्याच वादात नफ्यातील वाटा मोजण्याचे सूत्र घालून दिले. १९६५ साली बोनसचा कायदा झाला. किमान चार टक्के, पुढे ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा. आणीबाणीत तो पुन्हा चारवर आणला गेला, १९७७ साली परत ८.३३ झाला. कायद्यात दिवाळीचे नाव नाही. हिशेबी वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत बोनस द्यावा एवढेच आहे. मार्चअखेरपासून आठ महिने मोजा, नोव्हेंबरअखेर येते. दिवाळी आत बसते. मी रात्रशाळेपुढे शिकलो नाही. कायद्याची पुस्तके युनियनच्या कचेरीत बसून बोटाने ओळ धरून वाचली. हे आठ महिने प्रथम मोजले तेव्हा मला हसू आले होते, ते आठवते.

पुढे ऑक्टोबर १९८१ मध्ये दिवाळीच्या तोंडावर मुंबईत पुन्हा बोनसवरूनच ठिणगी पडली. काही गिरण्यांतील कामगारांना मान्यताप्राप्त युनियनने केलेला करार पटला नाही, ते काम सोडून बाहेर आले आणि डॉ. दत्ता सामंतांच्या दारी गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा संप सुरू झाला. तो संप मागे घेतल्याची घोषणा कोणी कधी केली नाही. नंतर गिरण्यांच्या जमिनी विकासाला निघाल्या. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात आज मॉल आहे. ही कंपनी स्थापन झाली १९०५ साली, पुण्याच्या होळीच्याच वर्षी. जेथे साचे चालत होते तेथे आता दिवाळीला रोषणाई असते आणि लोक कापड खरेदी करावयास जातात.

२६ जानेवारी २००६ रोजी, प्रजासत्ताक दिनाची सुटी साधून, 'बिग बझार'ने सर्वांत स्वस्त दिवस जाहीर केला. दुकानांपुढे अशी झुंबड उडाली की ठिकठिकाणी पोलिसांना मध्ये पडावे लागले. किराणा दुकानदारांना तेव्हा वाटले की आपला काळ हाच. पण २०२२ साली त्या दुकानांचा मोठा हिस्सा रिलायन्सने ताब्यात घेतला आणि ज्याची धास्ती घेतली होती तोच दिवाळखोरीत गेला. तोवर बाजार दुसरीकडे सरकला होता. ६ ऑक्टोबर २०१४ ला, दसरा होऊन तीन दिवसांनी, फ्लिपकार्टने एका दिवसाची महाविक्री काढली. यंत्रणा कोलमडली, कंपनीने ग्राहकांची माफी मागितली, आणि व्यापाऱ्यांनी सरकारकडे गाऱ्हाणे नेले. २०१८ साली अमेरिकेच्या वॉलमार्टने त्या कंपनीचा सुमारे ७७ टक्के हिस्सा घेतला. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला व्यापाऱ्यांनी देशभर बंद पुकारला. जानेवारी २०२० मध्ये स्पर्धा आयोगाने अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांच्या व्यवहाराची चौकशी करण्याचा आदेश दिला, तो दिल्लीच्या व्यापाऱ्यांच्या तक्रारीवरून. तक्रार होती ठराविक विक्रेत्यांना झुकते माप दिल्याची आणि बेसुमार सवलतींची. तक्रार रास्तच आहे. पण तीत खोके उचलणारा माणूस नाही. १९०५ च्या होळीतही तो नव्हता.

तो माणूस पाहावयाचा असेल तर आपल्या आग्रा रस्त्याने मुंबईकडे निघा आणि भिवंडीला थांबा. एकेकाळी यंत्रमागाच्या खडखडाटाने ओळखले जाणारे ते गाव आता गोदामांनी वेढलेले आहे. जून २०२४ मध्ये हरियाणातील मानेसरच्या अ‍ॅमेझॉनच्या गोदामाबद्दल बातम्या आल्या की ठरलेले काम पुरे होईपर्यंत पाणी प्यावयास वा लघवीला जाणार नाही, अशी शपथ कामगारांकडून घेवविली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने त्याची दखल घेऊन केंद्राच्या कामगार खात्याला नोटीस दिली. उन्हाळ्याचे दिवस होते.

बोनसच्या कायद्यात एक अट आहे. १९६५ च्या कायद्यात होती, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे: हिशेबी वर्षात तीस दिवस काम केले की किमान बोनस लागू होतो. कंत्राटी असो, हंगामी असो. सणाच्या विक्रीसाठी घेतलेला पोरगा एवढे दिवस सहज भरतो, निदान भरावयास हवेत. दोन वर्षांमागे दिवाळी सरल्यावर एक विशीतला मुलगा आमच्या कचेरीत आला. महामार्गावरच्या एका गोदामात त्याने खोक्यांवर चिकटपट्टी लावण्याचे काम केले होते. बोनस आपल्याला लागतो हे त्याला ठाऊकच नव्हते. तो आला होता कापलेल्या दोन दिवसांच्या मजुरीसाठी. मी हजेरी विचारली. त्याने मोबाइलमध्ये रोजच्या रोज फाटकापाशी काढलेले फोटो दाखविले. आम्ही बसून मोजले. अठ्ठावीस दिवस झाल्यावर कंत्राटदाराने त्याला काम नाही म्हणून सांगितले होते आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावावर त्याच फाटकातून परत आत घेतले होते. त्याच्याबरोबरच्या अकरा जणांचेही तसेच. मी त्याला म्हटले, ही हजेरी पुसू नकोस. त्याने विचारले, "काका, ह्याचा काय उपयोग?" मी कपाटातून १९२४ च्या संपावरचे एक जुने बाड काढले आणि त्याला चहा मागविला. अकरांपैकी सात जण पुढच्या रविवारी आले.