पुनर्वसन : एका शब्दाचा कायदेमंडळातील प्रवास

मराठीत 'पुनर्वसन' हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर प्रथम येते ते धरण. कोयना, उजनी, सरदार सरोवर. पाण्याखाली गेलेली गावे आणि माळावर आखलेले नवे प्लॉट. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर या शब्दाला आणखी एक संदर्भ चिकटला. शब्दाची घडणच तशी आहे. 'वस्' म्हणजे राहणे. पुन्हा राहते करणे म्हणजे पुनर्वसन. इंग्रजीतील ज्या शब्दासाठी आपण तो वापरतो, त्याच्या मुळाशी मात्र लॅटिनमधील 'समर्थ' या अर्थाचे विशेषण आहे. तेथे जागेचा प्रश्न नाही, क्षमतेचा आहे. अर्धांगवायूनंतर हात पुन्हा उचलता येणे, मणका दुखावल्यावर स्वतःचे स्वतः अंथरुणातून उठता येणे, पाय गेल्यावर चालता येणे, हे सारे त्या अर्थाच्या कक्षेत येते. आपल्या सार्वजनिक भाषेत हा दुसरा अर्थ पहिल्याच्या सावलीत राहिला, आणि भाषेत जे सावलीत राहते ते अंदाजपत्रकातही सहसा सावलीतच राहते, असे आम्हांस वाटते. या दृष्टीने अमेरिकेतील एक दीर्घ इतिहास आपण पाहण्याजोगा आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, दोन कायदे केले. १९१८ चा कायदा जखमी सैनिकांसाठी होता, १९२० चा नागरिकांसाठी. दोहोंचा भर व्यवसाय-प्रशिक्षणावर होता. अपंग माणसाला कोणते काम शिकवावे, हा त्यांचा प्रश्न. त्याच्या शरीराची गमावलेली क्षमता कितपत परत आणता येईल, हा प्रश्न विचारलाच गेला नव्हता.

तो विचारला गेला दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस. हात किंवा पाय गमावलेले सुमारे १५ हजार अमेरिकी सैनिक परतले, आणि त्यांना मिळालेले कृत्रिम अवयव निकृष्ट असल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. सैन्याच्या वैद्यकीय प्रमुखांनी राष्ट्रीय विज्ञान अकादमीकडे साहाय्य मागितले. १९४५ च्या आरंभी शिकागो येथे शल्यविशारद, अभियंते आणि अवयव बनविणारे कारागीर एकत्र बसले. उपलब्ध अवयवांतील उत्तम कोणता, एवढेच ठरवायचे होते. बैठकीतून निष्पन्न झाले ते वेगळेच : निवड करण्याइतके ज्ञानच हाती नाही, आधी संशोधन हवे. माणूस चालतो म्हणजे नेमके काय करतो, हेच पुरेसे ठाऊक नव्हते!

या प्रश्नाला उत्तर शोधणाऱ्यांत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील हॉवर्ड एबरहार्ट हे स्थापत्य अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. १९४४ मध्ये धावपट्टीच्या चाचणीच्या वेळी झालेल्या अपघातात त्यांनी स्वतःचा पाय गमावला होता. व्हर्न इनमन या अस्थिशल्यविशारदासह त्यांनी मानवी चालीचा पद्धतशीर अभ्यास उभा केला. पुलाचा भार मोजणारी दृष्टी गुडघ्याकडे वळली. गुडघ्याखालील कृत्रिम पायाची नवी बैठक आणि मऊ टाचेचे पाऊल या गोष्टी पुढील दशकात याच प्रयोगशाळेतून आल्या आणि जगभर पसरल्या.

हे शक्य झाले, कारण १९४८ मध्ये काँग्रेसने कायदा करून माजी सैनिकांच्या खात्याला या संशोधनासाठी दरवर्षी दहा लाख डॉलर खर्च करण्याची मुभा दिली. त्या कायद्यातील एक तरतूद आम्हांस रकमेहून मोलाची वाटते. संशोधनाचे फळ केवळ सैनिकांना नव्हे, सर्व अपंगांना उपलब्ध व्हावे, असे त्यात म्हटले होते. सैनिकाविषयीच्या कृतज्ञतेचे रूपांतर नागरिकाच्या हक्कात होण्याची ही सुरुवात होती.

पुढचा टप्पा १९५४ चा. व्यवसाय-पुनर्वसन कार्यालयाच्या प्रमुख मेरी स्विट्झर आणि न्यूयॉर्क येथील पुनर्वसनसंस्थेचे संस्थापक डॉ. हॉवर्ड रस्क यांनी हा विषय लोकप्रतिनिधींसमोर सातत्याने मांडला. त्या वर्षीच्या कायद्याने संशोधन आणि तज्ज्ञांचे प्रशिक्षण या दोहोंसाठी अनुदानाचा मार्ग मोकळा केला. १९७८ मध्ये अपंगत्वविषयक संशोधनाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. १९९० मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या छत्राखाली वैद्यकीय पुनर्वसन संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आले. पण ते स्वतंत्र संस्था म्हणून नव्हे, तर बालआरोग्य व मानवी विकासाच्या संस्थेतील एक केंद्र म्हणून. कर्करोगाची संस्था आहे, हृदयाची आहे. रोगातून वाचलेल्या माणसाच्या पुढील आयुष्याला मात्र दुसऱ्याच्या घरात एक खोली मिळाली.

ही दुय्यमता दूर व्हावी म्हणून पुन्हा संसदेचे दार ठोठवावे लागले. प्रतिनिधीगृहात ऱ्होड आयलंडचे जिम लँजेव्हिन यांनी पुढाकार घेतला. किशोरवयात बंदुकीच्या अपघाताने त्यांना चारही अवयवांचा पक्षाघात झाला होता. सिनेटमध्ये इलिनॉयचे मार्क कर्क होते. जानेवारी २०१२ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. शिकागोतील दीर्घ उपचारांनंतर ३ जानेवारी २०१३ रोजी ते संसदभवनाच्या ४५ पायऱ्या चढून सभागृहात परतले. एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन. त्यांनी पुढे आणलेल्या तरतुदी १३ डिसेंबर २०१६ रोजी स्वाक्षरी झालेल्या एका व्यापक आरोग्यविषयक कायद्यात समाविष्ट झाल्या. पुनर्वसन संशोधन म्हणजे काय, याची व्याख्या करण्यात आली. त्याची योजना किमान दर पाच वर्षांनी अद्ययावत करणे आणि निरनिराळ्या संस्थांनी परस्परांत समन्वय राखणे बंधनकारक झाले.

योगायोग असा की त्याच डिसेंबर २०१६ मध्ये आपल्या संसदेने दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम संमत केला. कायद्याने मान्य केलेल्या अपंगत्वाच्या प्रकारांची संख्या सातावरून एकवीस झाली. हे पाऊल मोठेच होते. त्यातील कलम २८ संशोधनाविषयी आहे : पुनर्वसनास साहाय्यभूत संशोधन सरकारने सुरू करावे किंवा करवून घ्यावे. परंतु ते किती काळात, कोणत्या योजनेनुसार, कोणाच्या उत्तरदायित्वाने, याविषयी ते कलम मौन पाळते. त्याआधीच्या कलमात पुनर्वसनाच्या सेवांना 'आर्थिक क्षमतेची' मर्यादाही घातलेली आहे.

संशोधन परदेशात होतच आहे, आपण ते आयात करू, असे कोणी म्हणेल. या युक्तिवादाला जयपूरने १९६८ मध्येच उत्तर दिले आहे. पाश्चात्त्य कृत्रिम पाऊल बुटात घालण्यासाठी घडवलेले होते. ते घालून उकिडवे बसता येत नव्हते, मांडी घालता येत नव्हती, चिखलात अनवाणी चालता येत नव्हते. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचे जे पाऊल घडवले, ते या जमिनीवरच्या बसण्या-उठण्यातून जन्मले. शरीराला संस्कृती असते. म्हणून त्याच्या पुनर्वसनाचे संशोधनही पूर्णतः उसने घेता येत नाही.

आपल्याकडे पाया नाही असेही नाही. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चे, मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ ची. रस्क यांच्या संस्थेत शिकून आलेल्या, स्वतः चाकाच्या खुर्चीवरून काम करणाऱ्या डॉ. मेरी व्हर्गीस यांच्या नेतृत्वाखाली वेल्लोर येथे १९६६ मध्ये पुनर्वसनसंस्था उभी राहिली. उणीव आहे ती या साऱ्यांना जोडणाऱ्या, कायद्याने बांधलेल्या संशोधन-धोरणाची. २०११ च्या जनगणनेत देशातील अपंग व्यक्तींची नोंद २ कोटी ६८ लाख होती; महाराष्ट्रातील सुमारे २९ लाख ६३ हजार.

म्हणून आमचे आपल्या खासदारांना आणि आमदारांना आग्रहाचे सांगणे आहे की कलम २८ ला निधी, मुदत आणि उत्तरदायित्व द्यावे. ठरावीक वर्षांनी राष्ट्रीय योजना सभागृहापुढे यावी, तिच्या आखणीत अपंग व्यक्तींना स्थान असावे, आणि राज्यातील आरोग्य विद्यापीठाने या संशोधनासाठी वेगळी तरतूद करावी. अमेरिकेच्या इतिहासातून एवढे निश्चित दिसते की हे संशोधन कोठेही आपोआप घडले नाही. प्रत्येक वेळी कोणीतरी कायदेमंडळासमोर उभे राहून ते मागितले, आणि मागणाऱ्यांत ज्यांना त्याची गरज होती ते स्वतः होते. आपल्या विधानभवनाच्या पायऱ्या चढता न येणारी माणसे ते मागत असतील, तर त्यांचा आवाज आतपर्यंत पोहोचवणे हे शब्दांशी व्यवहार करणाऱ्या आपणा सर्वांचे काम आहे. पुनर्वसन या शब्दाचा दुसरा अर्थ निदान आपल्या वर्गांत तरी पहिल्याइतकाच परिचित व्हावा.