जुनं लगेच काढू नये

परवा रात्री साडेदहाला पुतणीचा फोन. "काका, लॅपटॉपवर नवीन सॉफ्टवेअर टाकत होते, ते अर्ध्यातच अडकलं. जुनं काढून टाकून परत पहिल्यापासून करू का?"

"थांब!" मी इतक्या जोरात ओरडलो की बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

मंडळी, या 'थांब'मागे एक इतिहास आहे. थोडा आमच्या घराचा, थोडा संगणकावरच्या मराठीचा आणि थोडा आमच्या अलिबागचा. नातेवाइकांपैकी काहींना यातला पहिला भाग पाठ आहे. त्यांनी तेवढा सोडून पुढे जायला हरकत नाही.

तर झालं असं. २००६ चा पावसाळा. अलिबागच्या घरी अण्णांकडे (म्हणजे माझे थोरले काका, निवृत्त शिक्षक) एक संगणक होता. त्यावर विंडोज एक्सपी आणि मराठी टायपिंगचं एक जुनं पॅकेज. प्रिंटरच्या पोर्टला त्याचं डोंगल लावल्याशिवाय ते उघडत नसे. त्यात अण्णांनी चार वर्षं, रोज सकाळी, दोन बोटांनी घराण्याची हकिकत टाइप केली होती. वाडी कोणी लावली, विहिरीवरचा रहाट जाऊन पंप कधी आला, मुंबईला नोकरीसाठी पहिलं कोण गेलं... दोनशेच्या वर पानं. मूळ वहीला वाळवी लागली होती, म्हणूनच हा सगळा खटाटोप. त्यातली साठेक पानं छापून ठेवलेली. बाकी सगळं त्या डब्यात.

मला तेव्हा युनिकोडचं नवं वेड लागलेलं. अण्णांना म्हटलं, "तुमचं हे दुसऱ्या कुणाच्या संगणकावर उघडतच नाही. मी नवीन मराठी टाकून देतो." आणि नवीन टाकायच्या आधी जुनं पॅकेज मुळासकट काढून टाकलं. का? तर दोन मराठी एका घरात नांदणार नाहीत, असं माझं मत! कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही.

एक्सपीत मराठी असायची, पण झोपलेली. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करायची, की तो विंडोजची सीडी मागायचा. मी बरोबर नेलेल्या सीडीवर चरे पडलेले. अर्ध्या फाइली आल्या आणि एका फाइलपाशी गाडी थांबली. पुन्हा प्रयत्न, पुन्हा प्रयत्न, शेवटी कॅन्सल. बंद करून चालू केला तर मराठी पानांवर 'अलिबाग'मधली वेलांटी ल च्या डोक्यावरून उडी मारून ब च्या गळ्यात पडलेली. जोडाक्षरं सुटी होऊन पाय मोकळे करत बसलेली. हे एक वेळ ठीक. पण अण्णांची फाइल उघडली आणि माझ्या पोटात गोळा आला. मराठी कुठेच नाही. इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर, टिंबं, सगळी खिचडी.

पॅकेजची मूळ सीडी शोधली. सापडली नाही. सेफ मोडमध्ये जाऊन पाहिलं, उपयोग शून्य. सिस्टिम रिस्टोअर, म्हणजे संगणकाला चार दिवस मागे नेण्याची सोय, ती मीच आधीच्या भेटीत 'डिस्कवर जागा होईल' म्हणून बंद करून ठेवलेली. गेटवेची लाँच पावसाळ्यामुळे बंद. म्हणजे चांगली सीडी यायची ती एस.टी.ने, पेण-वडखळमार्गे, कुणी येईल तेव्हा.

अण्णा रागावले नाहीत. तेच जास्त लागलं. म्हणाले, "आधी फाइल किती मोठी आहे ते बघ. कालच्याएवढीच आहे ना?" छापील पानांच्या गठ्ठ्यावर त्यांनी पेन्सिलीने फाइलींची नावं आणि आकार टिपून ठेवले होते. आकडे जुळले. म्हणजे मजकूर शाबूत होता, तो वाचणारा गेला होता. मी सगळ्या फाइलींच्या फ्लॉप्या केल्या आणि मग पुढचं काही करायला धजावलो.

हे असं का व्हायचं, ते तरुण मंडळींसाठी सांगतो. तेव्हाच्या बहुतेक मराठी फॉन्टांमध्ये संगणकाला मराठी कळतच नसे. आत साठवलेली असायची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचे मुखवटे चढवायचा. जागा मोजक्या, फार तर २५६, आणि आपली अक्षरं, काने, वेलांट्या, अर्धी अक्षरं त्यांत कोंबायची. कोणता तुकडा कुठे बसवायचा हे ज्याचं तो ठरवी. म्हणून एका कंपनीच्या फॉन्टमधलं पत्र दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडलं की नुसता गोंधळ. फॉन्ट गेला की मुखवटे उतरले, उरला कचरा.

यावर इलाज शोधणारे लोक होते. आय.आय.टी. कानपूरमध्ये सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये (स्थापना १९८८) वाढलं. संगणकात बसवायचं त्यांचं 'जिस्ट' कार्ड जुन्या लोकांना आठवत असेल. १९९१ साली 'इस्की' ही सांकेतिक पद्धत भारतीय मानक झाली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि त्यातल्या देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली होती. इथे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक, फॉन्ट कुठलाही असो. पण घरातल्या संगणकापर्यंत हे यायला वेळ लागला. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली, २००१ च्या एक्सपीमध्ये ती असून झोपलेली, आणि २००७ साली आलेल्या व्हिस्टापासून ती आपोआप जागी असायची. आमचा अपघात नेमका या सांध्यावर झाला.

त्या संध्याकाळी वीज गेली. पडवीत कंदील लावून बसलो होतो. अण्णांनी विचारलं, "आपल्याकडची चुंबकीय वेधशाळा इथे का आली, माहीत आहे का?"

शाळेच्या सहलीत बाहेरून पाहिली होती, एवढंच माझं ज्ञान.

मुंबईच्या कुलाब्याला कंपनी सरकारने १८२६ साली वेधशाळा बांधली. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होऊ लागल्या. विसावं शतक उजाडताना मुंबईच्या घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेच्या ट्राम आणायचं ठरू लागलं. ट्रामची वीज रुळांतून परत जाताना जमिनीत झिरपते आणि जवळच्या नाजूक लोहचुंबकांना हलवते. मग काटा पृथ्वीमुळे हलला की ट्राममुळे, हे कळणार कसं? वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी सुमारे ३० किलोमीटरवरचं अलिबाग निवडलं. इमारत पोरबंदरी दगडाची, लोखंडाला मज्जाव. मुंबईच्या कुलाब्याचं काम तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात आलं, हा एक नावांचा गमतीदार योग. (आपल्या जिल्ह्याचं नाव रायगड झालं ते १९८१ साली.)

"आता ऐक," अण्णा म्हणाले. "इथलं काम १९०४ साली सुरू झालं. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ साली. मग १९०४ लाच कुलाब्याची उपकरणं बंद केली का? नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे नोंदी चालू ठेवल्या."

कारण साधं आहे. प्रत्येक जागेचा आकडा थोडा वेगळा येतो. दोन्हीकडे एकाच वेळी मोजलं तरच फरक कळतो आणि जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता येते. जुनं बंद करून नवं सुरू केलं असतं, तर मधली उडी पृथ्वीची की जागेची, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

अण्णा पुढे एक अक्षर बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही कामाला लागलो. छापील साठ पानं एका बाजूला, पडद्यावरची खिचडी दुसऱ्या बाजूला. एकच शब्द दर वेळी तसाच बिघडतो, हे अण्णांनी आधी पकडलं. 'वाडी' आणि 'विहीर' शंभरदा आलेले, तिथून सुरुवात. दोन दिवसांत कुठल्या चिन्हाचं कुठलं अक्षर याचा तक्ता वहीत तयार झाला. तिसऱ्या दिवशी बाजारात लग्नपत्रिका छापणाऱ्या एकाकडे तोच फॉन्ट निघाला! तो फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाकला आणि अण्णांची पानं जशीच्या तशी उभी राहिली. मी चक्क रडलो.

पुढच्या आठवड्यात चांगली सीडी आली, एक्सपीची मराठी जागी झाली. मग तो तक्ता वापरून मी मजकूर युनिकोडमध्ये आणला. सोपं नव्हतं. जुना फॉन्ट दिसेल तसं साठवतो, म्हणजे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी. युनिकोड उच्चारेल तसं साठवतं, म्हणजे अक्षरानंतर. रफारानेही छळलं. अण्णांनी पान अन् पान ताडून पाहिलं. जुना फॉन्ट आणि जुन्या फाइली मात्र त्यांनी काढू दिल्या नाहीत. "दोन वर्षं. वेधशाळेचा नियम."

आणि खरंच, दीड वर्षानं लक्षात आलं की एका प्रकरणातले सगळे अर्धे र माझ्या रूपांतरात गळालेत. जुनी फाइल होती म्हणून भरून काढता आले.

मागाहून वाचलेली एक गोष्ट सांगून संपवतो. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरच्या स्फोटामुळे पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आलं. युरोप-अमेरिकेत तारायंत्रं बिघडली. ते वादळ किती मोठं होतं, याचा हिशोब २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर मांडला. आधार होता कुलाब्याच्या जुन्या नोंदींचा. तिथे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली गेल्याची नोंद होती. त्या दिवशी डोळ्यांनी वाचून आकडा लिहिणाऱ्या माणसाला याची काय कल्पना असणार? १४४ वर्षांनी कुणाला तरी तो वाचता आला, याचं श्रेय मधल्या सगळ्यांचं.

अण्णा आता नाहीत. त्यांची पानं आहेत, आणि पुतणी ती फोनवर वाचते.

परवा तिला एवढंच सांगितलं. आधी फाइलींची प्रत काढ. आकार जुळव. जुनं राहू दे.

"किती दिवस, काका?"

"दोन वर्षं."

ती हसली. घासाघीस करून सहा महिन्यांवर तडजोड झाली आहे.