आठवड्याचा हिशेब

नोकरदाराचा हिशेब महिन्याचा, व्यापाऱ्याचा दिवाळीपासून दिवाळीपर्यंतचा. मजुराचा हिशेब मात्र आठवड्याचा. बाजाराचा दिवस उगवला की मीठ, तेल, मिरची आणावयाची असते, आणि आठवडाभराच्या घामाचे मोल तेथेच कळते. जुन्या चांदा जिल्ह्यात हे मोल सर्वत्र सारखे कधीच नव्हते.

या जिल्ह्याच्या पश्चिमेस वर्धेकाठी काळी जमीन, कापूस आणि भूगर्भात कोळसा. पूर्वेस वैनगंगेपलीकडे धान, तलाव आणि घनदाट अरण्य. कोळशासाठी १८७७ मध्ये वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत आगगाडी आली. वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये मिटली, पण कोळशाचा व्यवसाय बल्लारपूरकडे वाढला. तिकडे रोख पैसा खेळू लागला. झाडीपट्टीत मात्र रोवणीची आणि कापणीची मजुरी धानाच्या मापाने मिळे. कापूस वेचणारीचे मोल तराजू ठरवी, रोवणी करणारीचे पायली. आणि तराजू काय, पायली काय, दोन्ही मालकाच्याच घरची!

मग हा फरक केवळ जमिनीचा का? खाणीकडे पाहा. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ पासून देशव्यापी वेतन करार लागू झाला. बल्लारपूरच्या आणि दूर झरियाच्या कायम कामगाराचे वेतन एकाच करारातून ठरू लागले. शेकडो कोसांचे अंतर एका कागदाने मिटविले. कंत्राटी मजूर तेवढा त्या कागदाबाहेर राहिला.

अरण्यात असा कागद नव्हता. उन्हाळ्यात घरची सारी माणसे पहाटेच तेंदूपाने तोडावयास निघतात. सत्तर पानांचे एक पुडके, आणि दर शंभर पुडक्यांचा. हंगाम मोजक्या दिवसांचा. १९६९ च्या कायद्याने या व्यापारावर शासनाचे नियंत्रण आले, तरी फळीवर पुडके मोजणारा आणि भाव सांगणारा बाहेरचाच होता. १९८२ मध्ये गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याने नकाशा बदलला, मोजणारा हात बदलला नाही.

तो बदलला वनहक्क कायद्यानंतर. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावास २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ च्या एप्रिलात बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. बांबू तोच, कुऱ्हाड तीच, हातही तेच. परंतु आता विकणारा गाव होता, आणि तोडणाऱ्याला काय द्यावयाचे हे गावच बसून ठरवू शकत होता. पुढे जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांनी तेंदूचा लिलावही स्वतः केला.

एकाच जिल्ह्यातल्या दोन मजुरांचे आठवडे असे निरनिराळे का भरले, याचे उत्तर मातीत थोडे आणि माणसांत फार आहे. ज्याच्या कामाचे माप दुसऱ्याच्या हाती, त्याची पिशवी बाजारात हलकीच राहिली. खाणीतल्या मजुराने ते माप संघटनेने मिळविले, अरण्यातल्याने ग्रामसभेने. ज्यांना अजून ते मिळालेले नाही, त्यांचा हिशेब बाकी आहे.