एस्प्लनेडचें मैदान : राखीव कोणासाठीं, मोकळें कोणासाठीं?

सार्वजनिक जागा सर्वांची असते, हें विधान ऐकावयास जितकें सोपें तितकेंच आचरावयास अवघड आहे. टेनिसचें कोर्ट घ्या. त्यावर एका वेळीं फार तर चौघे खेळूं शकतात. ज्यानें आगाऊ नांव नोंदविलें त्याचा हक्क मानावा, कीं रॅकेट घेऊन सहज आलेल्याला पाळी द्यावी, हा प्रश्न तेथें रोज उभा राहतो. मुंबईच्या मैदानावर हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकांत क्रिकेटच्या निमित्तानें उपस्थित झाला. आणि त्याचा निकाल लागतां लागतां राज्यकर्त्यांची न्यायबुद्धि व प्रजेची एकी या दोहोंचीही परीक्षा झाली.

मुंबईच्या कोटाबाहेरची जागा मुळांत खेळासाठीं राखलेली नव्हती. तोफांच्या माऱ्यास अडथळा नको, एवढ्याच हेतूनें ती मोकळी ठेवली होती. पुढें सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दींत, म्हणजे १८६२ ते १८६७ या काळांत, कोटाच्या भिंती पडल्या. परंतु त्यापूर्वींच तेथें चेंडूफळीचा खेळ रुजला होता. १८४८ सालीं पारशी तरुणांनीं ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला, आणि १८६६ सालीं हिंदूंचा पहिला क्लब निघाला. या मंडळींजवळ ना भिंतीचें कुंपण होतें, ना मालकीचा कागद. वहिवाट हाच त्यांचा कायदा, आणि शेजारच्या खेळाडूशीं जुळवून घेणें हाच त्यांचा करार.

१८७५ सालीं बॉम्बे जिमखाना स्थापन झाला. त्याचें सभासदत्व केवळ युरोपियनांस मिळे. क्रिकेटसाठीं जिमखान्याला राखीव जागा होती, व तेथें एतद्देशीयांस मज्जाव होता. ह्याबद्दल फारशी तक्रार झाली नसती. पण जिमखान्याच्या सभासदांनीं पोलो खेळण्यासाठीं जी जागा घेतली, ती नेमकी एतद्देशीय क्रिकेटवाल्यांच्या वहिवाटीची होती.

येथें एक बारकावा ध्यानांत घेतला पाहिजे. पोलो रोज खेळला जात नसे. तेव्हां उरलेल्या दिवशीं क्रिकेट खेळण्यास कोण अडवतो, असें वरवर पाहणाऱ्यास वाटेल. पण क्रिकेटचा सारा खेळ चेंडूच्या सरळ उसळीवर अवलंबून असतो. घोड्यांच्या टापांनीं हिरवळ उखडली, जमिनींत खळगे पडले, कीं चेंडू कोठें वळेल याचा नेम राहत नाहीं, आणि फलंदाजाच्या नाकाडोळ्यांसही धोका पोहोंचतो. म्हणजे कांहीं तासांचा पोलो पुढचे कित्येक दिवस आपल्याबरोबर घेऊन जाई. वेळेची वांटणी झाली, पण जमिनीची झाली नाहीं.

१८८१ सालीं शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थांच्या पुढाकारानें शेंकडों खेळाडूंच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. त्यावेळीं सर जेम्स फर्ग्युसन हे गव्हर्नर होते. अर्जदारांचें म्हणणें साधें होतें : मूठभरांच्या करमणुकीसाठीं शेंकडों तरुणांची खेळाची जागा निकामी होऊं नये. सरकारनें प्रथम हें गाऱ्हाणें ऐकलें. परंतु मिळालेली सवलत टिकली नाहीं. जिमखान्याच्या शब्दाला दरबारीं वजन होतें, आणि घोडे पुन्हां मैदानावर आले. शापूरजींनीं पुढें १८९७ सालीं या लढ्याची हकीकत पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली, म्हणूनच ती आज इतक्या तपशिलानें उपलब्ध आहे.

सरकारनें अखेर जो मार्ग काढला, तो वांटून खेळण्याचा नव्हता. वेगळें होण्याचा होता. १८८५ सालीं पारशी जिमखाना निघाला आणि केनेडी सी फेसच्या किनाऱ्यालगत त्याला जागा मिळाली. पुढें लॉर्ड हॅरिस गव्हर्नर असतांना हिंदु व मुसलमान यांच्या जिमखान्यांसही त्याच ओळींत जागा देण्यांत आल्या. पारशांनीं १८९० सालीं व्हर्नन यांच्या इंग्रज संघास हरवून, आपण खेळांत कोणाहून उणे नाहीं हें सिद्ध केलें. ज्या मैदानावर हा विजय मिळाला, तें बॉम्बे जिमखान्याचेंच होतें!

परंतु या तोडग्याची किंमत कमी नव्हती. तक्रार घेऊन गेलेले खेळाडू एक होते; जागा घेऊन परतले ते धर्माधर्मांत विभागून. त्यांतूनच पुढें तिरंगी, चौरंगी व पंचरंगी सामने उभे राहिले आणि १९४६ पर्यंत ते जमातवार चालले. शिवाय जमातीसाठीं राखलेली जागा त्या जमातींतील सर्वांची असतेच, असेंही नाहीं. पळवणकर बाळू या अस्पृश्य मानल्या गेलेल्या गोलंदाजानें पुण्यास हिंदु संघाला सामने जिंकून दिले; पण चहाच्या वेळीं त्याला मंडपाबाहेर, वेगळ्या भांड्यांत चहा मिळे. मैदान खुलें झालें, मंडप झाला नाहीं.

या सर्व राखीव जागांच्या मधोमध जुन्या एस्प्लनेडचा एक तुकडा उघडाच राहिला. तेंच आजचें आझाद मैदान. तेथील खेळाची रीत मोठी विलक्षण आहे. बावीस यार्डांची खेळपट्टी ज्या त्या संघाची. पण भोंवतालचें क्षेत्र सामायिक. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या गोलंदाजाशेजारीं उभा असतो, आणि परका चेंडू पायाशीं आला तर तो उचलून परत फेंकतो. १९४८ सालीं सुरू झालेल्या कांगा लीगचे पावसाळी सामने अशाच मैदानांवर वाढले. १९८८ सालीं सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी या शाळकरी मुलांनीं ६६४ धावांची अभंग भागीदारी केली, तीही याच मैदानावर.

राखून ठेवणें आणि मोकळें सोडणें यांत मुळांत वैर नाहीं. जी गोष्ट निगा राखल्यावांचून टिकत नाहीं ती राखावी, जी वांटल्यानें कमी होत नाहीं ती मोकळी ठेवावी, आणि जो खेळतो त्यानें मागून येणाऱ्यासाठीं जमीन जशीच्या तशी सोडावी. शापूरजींच्या अर्जांतील मागणीचें सार याहून फारसें निराळें नव्हतें. सरकारला तें मानवलें नाहीं. मैदानानें मात्र तें कोणाचा हुकूम नसतां आपल्या अंगीं बाणवून घेतलें.