‘माणूस’ बोलपटाचा शेवट

गुन्हेगारीची कथा सांगणाऱ्या बोलपटाचा शेवट करणें वरवर पाहतां सोपें वाटतें. अपराधी सांपडला, कायद्यानें आपलें काम केलें, कीं गोष्ट संपली! परंतु ज्या अपराध्याविषयीं प्रेक्षकांच्या मनांत माया उत्पन्न झाली आहे, त्याला बेड्या घालतांना दिग्दर्शकाची खरी परीक्षा होते. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीनें १९३९ सालीं काढलेला व व्ही. शांताराम यांनीं दिग्दर्शित केलेला ‘माणूस’ या परीक्षेला उतरला, तो शेवटच्या एका नकारामुळें.

गणपत हा साधा पोलीस शिपाई. धाड पडते त्या रात्रीं तो मैना नांवाच्या वेश्येला वांचवितो, आणि तेथूनच दोघांचा स्नेह जडतो. शाहू मोडक व शांता हुबळीकर यांनीं या भूमिका केल्या. संवाद व पदें अनंत काणेकरांचीं. उद्याची चिंता कशाला, असें निरनिराळ्या भाषांतून गिऱ्हाइकांना गाऊन सांगणारी ही स्त्री उद्याचा विचार करूं लागते, ही त्या स्नेहाचीच करामत. पण गणपतची श्रद्धाळू आई तिला मायेनें जवळ घेऊं पाहते, तेव्हां मैनेचें मन खचतें. त्या घराच्या पावित्र्याला आपण लायक नाहीं, हा सल तिला तेथें टिकूं देत नाहीं. पुढें दुष्ट नातलगाच्या खुनाबद्दल तिला शिक्षा होते.

आतां तोच शिपाई तिला तुरुंगांतून सोडविण्यास सिद्ध होतो. मैना नाहीं म्हणते. कायद्याचा मान राहतो. पण तो राखते ती स्वतः बंदिवान स्त्री, आणि तोहि कायद्याच्या भीतीनें नव्हे, तर या माणसाचें आयुष्य आपल्यापायीं नासूं नये म्हणून.

या नकाराचें मोल एका परदेशी चित्रपटाशीं ताडून पाहण्यासारखें आहे. यूसुफ शाहीन यांच्या ‘बाब अल्-हदीद’ या १९५८ च्या इजिप्शियन चित्रपटांत कैरो स्टेशनवरचा लंगडा वृत्तपत्रविक्रेता किनावी एकतर्फी प्रेमानें खून करण्यास प्रवृत्त होतो. शेवटीं तुझें लग्न लावून देतों, अशी थाप मारून त्याला शांत करतात, आणि लग्नाचा पोशाख म्हणून वेड्यांना जखडण्याचा अंगरखा त्याला घालतात. तेथें प्रेमाचें नांव सापळ्याच्या कामीं येतें; येथें प्रेम सुटकेचा मार्ग दाखवितें आणि मैना तो नाकारते.

प्रमथेश बरुआंचा ‘देवदास’ १९३५ सालीं आला होता. प्रेयसीच्या दारीं मरण पत्करणारा तो नायक तरुणांना मोह घालीत होता. ‘माणूस’ हें त्याला दिलेलें उत्तर समजलें जातें, आणि तें यथार्थच आहे. इंग्रजींत त्याला दिलेलें नांवहि, जीवन हें जगण्यासाठीं आहे, अशाच अर्थाचें होतें. ‘आदमी’ या हिंदी आवृत्तींत गणपतचा मोती झाला व मैनेची केसर झाली. शेवट मात्र तोच राहिला.