कृष्ट, अकृष्ट आणि परसू : सह्याद्रीतील रानभाज्यांच्या लागवडीचा एक विचार

डोंगराळ मुलखातील शेतीचा इतिहास लिहिताना अभ्यासकाची दृष्टी बहुधा धान्यावर, त्यावरील सार्‍यावर आणि जमिनीच्या मोजणीवर खिळून राहते. ज्यावर सारा बसला नाही ते दप्तरात आले नाही, आणि जे दप्तरात आले नाही ते इतिहासातही आले नाही. सह्याद्रीच्या उतारावरील कुटुंबे आषाढ-श्रावणात, घरातील नाचणी सरलेली व नवी हाती येण्यास दोन-तीन महिने अवकाश असलेला, अशा दिवसांत ज्या पालेभाज्यांवर व कंदांवर दिवस काढीत, त्यांची गणना यामुळेच कोठे झाली नाही. या वनस्पती जंगलात आपोआप उगवतात, मनुष्य त्या केवळ खुडतो, अशी समजूत रूढ झाली. ती कितपत खरी आहे, हे पाहण्यास भाषेचे दप्तर उपयोगी पडते. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

१

पिकाचे दोन वर्ग आपल्या परंपरेने फार पूर्वी केले. ‘कृष्टपच्य’ म्हणजे नांगरलेल्या भूमीत पिकणारे, आणि ‘अकृष्टपच्य’ म्हणजे न नांगरता पिकणारे. पाणिनीने ‘कृष्टपच्य’ हे रूप एका सूत्रात (३.१.११४) नोंदविले आहे, तैत्तिरीय संहितेच्या चमकात तर हे दोन्ही शब्द जोडीने येतात. तेथे दोहोंचीही याचना आहे. अर्थात न नांगरलेले अन्न हे हीन किंवा केवळ आपत्काळचे अन्न होय, अशी भावना त्या काळी नव्हती.

हा भेद महाराष्ट्रात आजही एका व्रतात जिवंत आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीस, म्हणजे ऋषिपंचमीस, बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य मानतात. त्या दिवशीच्या ‘ऋषीच्या भाजी’त अळू, सुरण, माठ, भोपळा इत्यादी जिन्नस पडतात, जेथे मिळेल तेथे पाणथळीत आपोआप उगवणारा देवभात शिजवितात. परंतु ही यादी बारकाईने पाहिली असता एक गोष्ट लक्षात येते. यांतील अळू, सुरण व भोपळा हे रानातून आणलेले नसतात. ते घरामागच्या परसात कुदळीने वा खुरप्याने लावलेले, शेणखताने व सांडपाण्याने वाढविलेले असतात. मका हा मूळचा अमेरिका खंडातील. तोही अनेक घरी या भाजीत सुखाने जाऊन बसला आहे. म्हणजे लोकव्यवहाराने ‘अकृष्ट’ या शब्दाचा अर्थ ‘रानटी’ असा न करता ‘बैलावाचून, हाताने पिकविलेले’ असा केला. नांगराचे शेत आणि रान यांच्यामध्ये हाताच्या लागवडीची एक तिसरी भूमी आहे, आणि तिचे नाव परसू.

२

वनस्पतींची नावेही हेच सांगतात. मराठीत ‘रान’ हा शब्द पूर्वपदी घेऊन झालेली नावे पुष्कळ आहेत : रानहळद, रानकांदा, रानतूर. अशी नावे त्याच वनस्पतींना मिळाली, ज्यांच्यासारखी एखादी वनस्पती शेतात आधीपासून होती. नाव देणारा येथे शेतातून रानाकडे पाहतो. याउलट शेवळा, कुर्डू, टाकळा, भारंगी, चाई, दिंडा ही नावे कोणाच्या तुलनेने सिद्ध झालेली नाहीत. ती स्वतंत्र आहेत. ज्यांनी ही नावे घडविली वा जतन केली, त्यांना या वनस्पतींची ओळख शेतीच्या द्वारे झालेली नव्हती. रानकेळीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सपाटीवरचा मनुष्य तिला ‘रानकेळ’ म्हणतो. घाटमाथ्यावर तिचे स्वतंत्र नाव ‘कवदर’ असे आहे. एकाच वनस्पतीच्या दोन नावांत दोन वसतिस्थाने सामावली आहेत.

काही नावांचा प्रवास दीर्घ आहे. करटोलीस संस्कृतात ‘कर्कोटकी’ म्हणत. हिंदीतील ‘ककोडा’ व गुजरातीतील ‘कंकोडां’ ही रूपे त्याच कुळातील दिसतात. मराठीत करटोली, कर्टुले, कंटोळी अशी विविध रूपे चालतात. फळावरील काट्यांमुळे ‘काटा’ या शब्दाचा त्यांवर प्रभाव पडला असावा, असे मानण्यास जागा आहे. करांद्याचा उल्लेख वैद्यकग्रंथांत ‘वाराहीकंद’ या नावाने येतो. शेतात न पेरलेल्या वनस्पतीचे नाव इतके दिवस, इतक्या प्रदेशांत टिकते, याचा अर्थ तिचा वापर अखंड चालू होता.

३

या वनस्पतींचे खरे आश्रयस्थान म्हणजे डोंगरउतारावरील फिरती शेती. तीस दळी किंवा कुमरी म्हणत. झाडोरा तोडून, वाळवून, पहिल्या पावसापूर्वी जाळावयाचा. राखेत कुदळीने नाचणी, मागाहून वरी व कारळा घ्यावयाचा. दोन-चार वर्षांनी जमीन पडीक टाकून पुढे जावयाचे, असा हा क्रम होता. पडीक टाकलेल्या या तुकड्यांवर ऊन भरपूर आणि स्पर्धा कमी. टाकळा, कुर्डू, करटोली यांना असेच स्थान मानवते. ज्यांना आपण ‘रानभाज्या’ म्हणतो, त्यांपैकी कित्येक घनदाट अरण्यात वाढत नाहीत. मनुष्याने मोडलेल्या, भाजलेल्या व सोडलेल्या भूमीत वाढतात. त्या अर्थाने त्या शेतीच्याच सोबती होत.

१८७८ च्या वनविषयक कायद्याने राखीव व संरक्षित जंगले ठरली आणि ही व्यवस्था आकुंचित झाली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोठा वाद माजला तो राबाविषयी, म्हणजे रोपे तयार करण्याच्या जागी डहाळ्या, पाला व शेण पसरून भाजण्याच्या पद्धतीविषयी. १८८५ मध्ये नेमलेल्या मुंबई वन आयोगाने १८८७ मध्ये अहवाल दिला, त्यातही हा प्रश्न प्रमुख होता. पुढे १९२७ च्या कायद्याच्या दहाव्या कलमात फिरती शेती ही सरकारने नियंत्रित वा बंद करता येण्याजोगी सवलत गणली गेली. ‘हक्क’ या शब्दाच्या जागी ‘सवलत’ हा शब्द आला, आणि त्या एका शब्दाने डोंगरावरील मनुष्याचे रानाशी असलेले नाते पालटले. दळीबरोबर तिच्या पडीक जमिनीही गेल्या, आणि त्यांवरची भाजी खुडणे हा कित्येक ठिकाणी गुन्हा ठरला.

ज्या राज्यकर्त्यांनी रानाची वाट अडविली, त्यांच्याच कारकिर्दीत रानातील अन्नाच्या याद्या तयार झाल्या, हा इतिहासातील एक विरोधाभास होय. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानंतर, १९०२ मध्ये, गॅमी यांनी मुंबई इलाख्यात दुष्काळात खाल्ल्या जाणार्‍या वनस्पतींवर टिपण प्रसिद्ध केले. याद्या म्हणून अशा नोंदींचे मोल मोठे आहे. तथापि दुष्काळाच्या सदरात नोंद झाल्यामुळे या वनस्पतींवर ‘दुष्काळी अन्न’ असा शिक्का बसला. वस्तुतः टाकळ्याची भाजी सुकाळातही दर पावसाळ्यात होतच होती.

४

आता प्रत्यक्ष लागवडीकडे वळू. रानातून परसात येण्याचा मार्ग प्रत्येक वनस्पतीचा निराळा आहे.

करांदा सर्वांत सुलभ. त्याच्या वेलीस पानांच्या बेचक्यात हवेतच कंद धरतात. तोच एक कंद कुंपणाशी पुरला की पुढील पावसाळ्यात वेल चढते. कोकणच्या परसांत तो यामुळेच फार पूर्वी स्थिरावला. रानातील कडू जातीचे काप राखेच्या पाण्यात उकडून, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवून मगच खातात. परसातील करांदा मात्र नुसता उकडून खाण्याजोगा असतो. पिढ्यानुपिढ्या कमी कडू कंदच पुन्हा पुरला गेला असणार. ही निवड कोणत्याही प्रयोगक्षेत्रात झालेली नाही.

करटोलीची गोष्ट अवघड आहे. तिची नर व मादी वेल स्वतंत्र असते. बियांपासून लावली असता कोणती वेल नर व कोणती मादी हे फूल येईपर्यंत कळत नाही. म्हणून ओळखलेल्या मादी वेलींचे कंद लावून, आठ-दहा वेलींमागे एक नर वेल राखावी लागते. कंद जमिनीत जगतो व दरवर्षी पावसाबरोबर फुटतो. तेव्हा मांडव एकदा घातला की नांगरणीची गरज उरत नाही. उतारावरची माती न उकरता येणारे पीक म्हणून तिचे महत्त्व विशेष आहे.

शेवळा या दोहोंहून वेगळा. पहिल्या सरींबरोबर त्याचा फुलोरा पानाच्या आधी वर येतो, आणि तोच भाजीसाठी खुडतात. घशास खाजविणारा त्याचा गुण मारण्यासाठी काकडाची आंबट फळे घालतात. म्हणून ठाणे-मुंबईच्या बाजारात शेवळे व काकडे एकाच टोपलीत दिसतात. फुलोराच खुडल्यावर बी धरत नाही. कंद शिल्लक आहे तोवर रोप जगते, नवे मात्र होत नाही. बाजाराची मागणी वाढली की या वनस्पतीवर प्रथम संकट येते ते यामुळे. दर जागी काही फुलोरे राखणे आणि त्यांचे बी झाडांच्या सावलीत टाकणे, एवढी काळजी तरी अवश्य आहे.

खताचा प्रश्न राबाशी जोडलेला आहे. राबाने तण मरते व राख मिळते, परंतु पाल्याशेणातील नत्र जळून जाते आणि झाडे ओरबाडली जातात. अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या सहकार्याने इंदूर येथे सिद्ध केलेली, १९३१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली कंपोस्टची पद्धत याच पाल्याशेणाला न जाळता कुजवावयास सांगते. परसाच्या लहान क्षेत्रास ती सहज पेलते. या वनस्पतींना रासायनिक खताची वा औषधाची सवय कधी लागलीच नाही. त्यांची सेंद्रिय लागवड म्हणजे जुन्याच रीतीची सुधारलेली आवृत्ती होय.

५

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत औषधी वनस्पती, मुळे व कंद यांचा समावेश केला आणि ते गोळा करण्याचा व त्यांवरील मालकीचा हक्क मान्य केला. ‘सवलती’चा पुन्हा ‘हक्क’ झाला. परंतु हक्क मिळाला तरी वनस्पती उरली पाहिजे, आणि तिची जाण असणारी माणसेही उरली पाहिजेत. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणे घरी जतन केले. २०२० मध्ये पद्मश्री देऊन त्या कार्याचा गौरव झाला. बियांचे कोठार घरात असते, हे डोंगरावरील स्त्रियांना कोणी शिकवावे लागले नाही.

परसातील लागवडीने रानावरील भार हलका होईल आणि नाचणी-वरीच्या तोकड्या उत्पन्नास जोड मिळेल, ही अपेक्षा रास्त आहे. तिच्या पोटी एक धोकाही आहे. करटोली सपाटीवर, ठिबकाच्या पाण्यावर मोठ्या क्षेत्रात पिकू लागली, तर बाजार सपाटीचा होईल आणि डोंगराच्या वाट्यास केवळ नाव राहील. म्हणून लागवडीचा विचार डोंगरावरील परसापासूनच व्हावयास हवा. कृष्ट आणि अकृष्ट यांच्यामधली ही भूमी दप्तरात कधी मोजली गेली नाही. परंतु आषाढातील चूल तिच्यावरच पेटत आली आहे.